गॅल्व्हस्टनची भिंत

१९०२ सालच्या जानेवारीअखेर अमेरिकेतील टेक्सस संस्थानाच्या गॅल्व्हस्टन या बंदरी शहराच्या कारभाऱ्यांपुढे तीन स्थापत्यविशारदांनी आपला अहवाल दाखल केला. त्यात एका भिंतीचा उभा छेद होता. तळाशी १६ फूट रुंद, माथ्याशी ५ फूट रुंद आणि ओहोटीच्या सरासरी पातळीपासून १७ फूट उंच अशी ती भिंत होती. या आकड्यांत चकित व्हावे असे काही नव्हते. लक्ष वेधून घेत होता तो तिच्या समुद्राकडील अंगाचा आकार. ते अंग सरळ उभे नव्हते आणि बांधासारखे एकसारखे उतरतेही नव्हते. पायथ्याशी ते वाळूलगत जवळजवळ आडवे पसरले होते, मग वर चढता चढता त्याचा चढ वाढत गेला होता, आणि माथ्यापाशी ते ओळंब्यात उभे राहिले होते. लोखंडी नांगराचा फाळ ज्याप्रमाणे मातीच्या ढेपेशी झुंज न घेता तिला खालून उचलतो आणि आपल्याच अंगावरून वर नेऊन परतवतो, त्याप्रमाणे आडव्या धावत येणाऱ्या पाण्याला खालून उचलून त्याची दिशा बदलावी, हा त्या वक्राचा हेतू होता. ज्या शहराने सव्वा वर्षापूर्वी एका रात्रीत आपली किमान सहा हजार माणसे समुद्राला दिली होती, त्याने आपले उरलेसुरले सर्वस्व त्या एका रेषेच्या वळणावर लावले. त्या वळणाचा हा इतिहास आहे.

गॅल्व्हस्टन हे बेट म्हणजे मेक्सिकोच्या आखाताने किनाऱ्यासमोर रचलेला वाळूचा एक लांबट दांडा आहे. लांबी तीस मैलांच्या आतबाहेर, रुंदी दीड ते तीन मैल, एका अंगाला उघडे आखात आणि दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. खाडीच्या तोंडाशी नैसर्गिक बंदर असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात टेक्ससच्या कापसाचा मोठा वाटा या बेटावरून परदेशी जाऊ लागला. आपली मुंबई ज्याप्रमाणे कापसाच्या गाठींवर श्रीमंत झाली, त्याप्रमाणे हेही शहर झाले. पेढ्या, गुदामे, नाटकगृहे, ट्रामगाड्या, दिव्यांचे रस्ते, सारे काही तेथे होते. १९०० सालच्या शिरगणतीत लोकसंख्या ३७,७८९ भरली होती. आणि या सर्व वैभवाखालची जमीन जेथे सर्वांत उंच होती, तेथे ती समुद्रपातळीपासून अवघी ८.७ फूट वर होती. किनाऱ्यालगत पूर्वी वाळूच्या टेकड्या होत्या. पण वस्तीतील सखल जागा भरून काढण्यासाठी लोकांनी त्याही खणून नेल्या. ज्यांनी वाळू नेली त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही, कारण कोकणच्या पुळणीवरून ती आपणही नेत आलो आहोत. पण दर्यापुढचा तो पहिला आणि फुकटचा बांध त्या शहराने आपल्या हाताने मोडला, ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना विसरता येत नाही.

इशारा मिळालाच नव्हता असेही नाही. त्याच किनाऱ्यावर इंडियानोला नावाचे दुसरे भरभराटीचे बंदर होते. १८७५ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केले, लोकांनी ते पुन्हा उभारले, आणि १८८६ च्या वादळाने पुन्हा असे झोडपले की ते कायमचे ओस पडले. त्यानंतर गॅल्व्हस्टनच्या प्रतिष्ठित मंडळींनी सागरभिंतीची गोष्ट काढली आणि संस्थानच्या विधिमंडळाकडून कर्जरोख्यांची मंजुरीही मिळाली. परंतु आठवण जशी निवत गेली तसा ठरावही दफ्तरात निवत गेला. पुढे १८९१ मध्ये स्थानिक हवामान कचेरीचा प्रमुख आयझॅक क्लाइन याने शहराच्या वृत्तपत्रात लेख लिहून असे प्रतिपादन केले की, या शहराला गंभीर इजा करील अशी वादळी लाट येथे उठणे शक्य नाही. समोरचा समुद्रतळ फार मंद उतरता आहे, त्यावर लाटा दूरवरच फुटून निर्बल होतील, आणि आत आलेले पाणी बेटामागच्या सखल प्रदेशावर पसरून जाईल, असा त्याचा तर्क होता. क्लाइन निष्काळजी मनुष्य नव्हता. तो अभ्यासू आणि कर्तव्यदक्ष अधिकारी होता. त्याचा तर्कही अर्धा खरा होता, कारण उथळ तळ लाटेची उंची खरोखर मर्यादित करतो. पण चक्रीवादळाचा वारा जेव्हा तासन्‌तास समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटतो, तेव्हा त्या पाण्याला खालून परत जायला खोली नसली म्हणजे ते किनाऱ्याशीच साचून फुगते. जो उथळपणा लाटेला दुबळी करतो तोच या फुगाऱ्याला बळ देतो, आणि मग त्या उंचावलेल्या पाण्यावर स्वार होऊन लाटा थेट वस्तीत शिरतात. तर्काचा हा दुसरा अर्धा भाग क्लाइनला ८ सप्टेंबर १९०० या शनिवारी स्वतःच्या घराच्या दारात उभे राहून पाहावा लागला.

त्या दिवशी सकाळपासून वारा उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, आणि तरीही समुद्र त्या वाऱ्याच्या विरुद्ध चढत होता. लोक किनाऱ्यावर जाऊन लाटांची मौज पाहत होते, मुले रस्त्यातल्या पाण्यात खेळत होती. क्यूबातील अनुभवी वेधशाळेचा या वादळाविषयीचा अंदाज अमेरिकी हवामान खात्याच्या वरिष्ठांनी तुच्छ मानला होता, आणि त्या बेटावरून येणाऱ्या वादळाच्या तारांवरच त्यांनी बंदी आणवली होती. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास क्लाइन दारात उभा असताना पाणी चार सेकंदांत सुमारे चार फूट चढले. ही नोंद त्यानेच पुढे आपल्या अहवालात केली. त्याचे घर मजबूत म्हणून शेजारपाजारची पन्नासेक माणसे तेथे आश्रयाला आली होती. घर वाऱ्याला पुरले, पाण्यालाही पुरले असते. पण किनाऱ्यावरच्या ट्रामच्या लाकडी पुलाचा एक लांब तुकडा रुळांसकट सुटून आला आणि लाटा तो एखाद्या किल्ल्याच्या दरवाजावर ओंडका मारावा तसा त्या घरावर मारू लागल्या. घर कोसळले. क्लाइन आणि त्याच्या तिन्ही मुली वाचल्या. त्याची गर्भवती पत्नी वाचली नाही. किनाऱ्यालगतच्या सेंट मेरी अनाथालयात दहा जोगिणींनी कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांनी मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले होते. दहाही जोगिणी आणि नव्वद मुले गेली. मोठ्या वयाचे तीन मुलगे तेवढे एका झाडाला धरून राहिले. पाणी १५.७ फुटांपर्यंत चढले होते, आणि बेटाचा माथा होता ८.७ फूट. मृतांचा आकडा सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत सांगितला जातो. सर्वसाधारणपणे आठ हजार मानतात. साडेतीन हजारांहून अधिक घरे नाहीशी झाली. प्रेते पुरण्यास कोरडी जमीन नव्हती म्हणून ती तराफ्यांवर घालून समुद्रात सोडली, तर समुद्राने ती परत किनाऱ्यावर आणून टाकली. अखेर जागोजाग सरण रचून ती जाळावी लागली.

या संहारात एक घटना अशी घडली की जिचा विचार स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने फार झाला पाहिजे. समुद्राने किनाऱ्याकडच्या घरांच्या पहिल्या रांगा मोडल्या, त्यांच्या लाकडांनी पुढच्या रांगा मोडल्या, आणि असा हा मोडक्या तुळयांचा, छपरांचा, सामानसुमानाचा आणि माणसांचा ढीग आत सरकत सरकत काही ठिकाणी दोन मजले उंच झाला. मग तो थांबला. त्या ढिगाच्या असंख्य फटींत शिरून लाटा आपले बळ हरवू लागल्या आणि त्यामागची शहराची उर्वरित वस्ती तगली. म्हणजे गॅल्व्हस्टनची पहिली सागरभिंत त्याच्याच प्रेतमय अवशेषांची होती, आणि ती समुद्राने बांधून दिली होती.

शहर सोडून मुख्य भूमीवर जावे असे म्हणणारे होते, अनेकजण गेलेही. जे राहिले त्यांनी जुनी नगरसभा मोडून निवडक आयुक्तांचे कारभारी मंडळ नेमले आणि १९०१ च्या नोव्हेंबरात तीन जणांना सल्लागार म्हणून बोलावले. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे त्यांतले प्रमुख. लष्करी अभियंता दलाचे सर्वोच्च पद भूषवून ते त्याच वर्षी निवृत्त झाले होते. पण सामान्य अमेरिकन त्यांना ओळखतो ते सभा कशा चालवाव्यात याविषयी १८७६ मध्ये त्यांनी लिहिलेल्या नियमांच्या पुस्तकामुळे. गोंगाट करणाऱ्या सभेला नियमांच्या चाकोरीत आणणारा हा गृहस्थ आयुष्याच्या उत्तरार्धात समुद्राला चाकोरीत आणण्याच्या कामावर यावा, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. दुसरे आल्फ्रेड नोबल, पूल आणि जलमार्गांच्या कामात मुरलेले. तिसरे हेन्री क्ले रिप्ली, ज्यांनी याच बेटावर सरकारी कामे केली होती आणि ज्यांना येथल्या भरती-ओहोटीची आणि वाळूची तपशीलवार माहिती होती.

भिंतीला कोणता आकार द्यावा, हा प्रश्न त्यांच्यासमोर आला तेव्हा त्यामागे युरोपातील शंभर वर्षांचा वाद उभा होता. एका पक्षाचे म्हणणे, समुद्रापुढे भिंत उभी सरळ असावी. पाणी जेथे खोल आहे तेथे लाट अशा भिंतीशी येऊन फुटत नाही. ती वरखाली हेलकावते आणि आल्या पावली परत जाते, भिंतीला ठोसा बसत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, भिंत नसावी, दगडांचा लांब उतार असावा, म्हणजे त्यावर चढता चढता लाट दमते. इंग्लंडमधील प्लिमथच्या लाटरोधकाचे बांधकाम चालू असताना या पक्षाच्या बाजूने खुद्द समुद्रानेच साक्ष दिली होती. अभियंत्यांनी दगडांचा समुद्राकडील उतार तिनास एक या प्रमाणात ठेवला होता. १८२४ च्या वादळाने तो ढासळवून पाचास एक असा सपाट केला, आणि शहाण्या अभियंत्यांनी समुद्राने आखलेला तो उतार मान्य करून त्याप्रमाणे पुढचे काम केले.

पण पाणी उथळ असेल, लाट भिंतीच्या तोंडाशीच फुटत असेल, तर उभ्या भिंतीची कथा निराळी होते. आपल्याकडे आषाढातल्या उधाणात मरीन ड्राइव्हच्या किंवा वरळीच्या कठड्याशी जो घटकाभर उभा राहिला असेल, त्याने हे पाहिले आहे, नव्हे, पायांनी ऐकले आहे. साध्या लाटा येतात आणि भिंतीला घासून खळखळ करीत परत जातात. मग अशी एखादी लाट येते की जिचे कपाळ नेमके भिंतीजवळ येईपर्यंत उभे झालेले असते. भिंत आणि लाट यांच्यामध्ये हवेची एक पातळ पुरचुंडी सापडते, क्षणाच्या एका लहानशा अंशात ती चिरडली जाते, आणि तोफेसारखा दणका होऊन पायांखालची फरसबंदी थरथरते. पाण्याचा पांढरा स्तंभ माडाएवढा उंच जातो, वारा त्याची शेंडी मोडतो आणि रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर आणून आपटतो. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने हा दणका मोजण्यासाठी १८४३ मध्ये एक स्प्रिंगचे यंत्र तयार केले होते, आणि १८४५ च्या मार्चमध्ये स्केरीव्होरच्या खडकावर त्याला एका चौरस फुटावर ६,०८३ पौंडांचा आघात नोंदलेला मिळाला. त्याच स्टीव्हन्सनच्या विक येथील लाटरोधकाचे एकसंध केलेले १,३५० टनांचे टोक १८७२ मध्ये समुद्राने उचलून बाजूला ठेवले, आणि त्याजागी बसवलेला २,६०० टनांचा गोळा पाच वर्षांनी तसाच नेला. मोजमाप करणाऱ्यालाच असा पराभव पत्करावा लागला, यावरून या शास्त्राची त्या काळची अवस्था कळते. हा आघात इतका क्षणिक आणि इतका तीव्र का असतो, याची प्रयोगशाळेतली पहिली समाधानकारक उकल व्हायला १९३९ पर्यंत, ब्रिटिश संशोधक बॅग्नोल्ड याच्या प्रयोगांपर्यंत, वाट पाहावी लागली.

गॅल्व्हस्टनचा तळ उथळ आणि वाळूचा. तेथे उभी भिंत म्हणजे असे दणके अंगावर ओढवून घेणे. लांब उतार करावा तर लाट त्यावर घाट चढावा तशी चढून माथ्यापलीकडे उतरणार, आणि ते टाळायला उताराची उंची आणि लांबी इतकी वाढवावी लागणार की त्या दरिद्री झालेल्या शहराला ती परवडणार नाही. रॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली वक्र रेषा या दोहोंच्या मधली वाट आहे. लाटेचे पाऊल आधी पायथ्याच्या सौम्य भागावर पडते, तेथे कोंडलेल्या हवेला निसटायला वाव असतो आणि ठोसा बसण्याऐवजी रेटा बसतो. मग वक्राच्या अंगाअंगाने पाण्याची आडवी गती उभी होते, आणि माथ्याशी पोचलेले पाणी शहरात उडी न घेता आकाशाकडे जाऊन बहुतांशी मागून येणाऱ्या लाटेवरच कोसळते. अर्थात पाण्याचे वळण हे भिंतीच्या खर्चाने होते. जो वेग आपण वळवतो त्याची किंमत तेवढ्याच प्रतिक्रियेने भिंतीला सोसावी लागते; ओठ आणखी पुढे काढून पाणी पुरते उलटे समुद्राकडे फेकायचे ठरवले तर तो भार जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून ही भिंत आधी वजनाची होती आणि मग वक्रतेची: धावत्या एका फुटाला ४०,००० पौंड.

पैसा शहराजवळ नव्हता. परगण्याने १५ लाख डॉलरांचे कर्जरोखे काढले, आणि ज्यांची घरे वाहून गेली होती त्याच नागरिकांनी ते विकत घेतले. डेन्व्हरच्या एका कंत्राटदाराने काम घेतले आणि १९०२ च्या ऑक्टोबरात पहिला खुंट ठोकला. वाळूत चाळीस फुटांहून लांब लाकडी खुंटांच्या रांगा ठोकल्या. समुद्राच्या बाजूला फळ्यांची सलग पडदी जमिनीत २४ फूट खोल उतरवली, म्हणजे लाटांनी पायथ्याची वाळू उकरली तरी ती भिंतीखालून ओघळू नये. त्यावर ६०-६० फुटांचे काँक्रीटचे तुकडे एकाआड एक ओतले आणि मागाहून मधल्या जागा भरून खाचेत खाच बसवली. भिंतीपुढे २७ फूट रुंद आणि ३ फूट जाड असा ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा पट्टा अंथरला. बेटावर दगडाचा कपचाही नसल्याने सारे रेल्वेने आणावे लागले. खडीचे ५,२०० डबे, वाळूचे १,८००, सिमेंटचे १,०००, गोल खुंटांचे १,२००, पडदीच्या फळ्यांचे ४,०००, पायथ्याच्या धोंड्यांचे ३,७००, आणि लोखंडी सळयांचे फक्त पाच! ही यादी वाचताना माझी नजर दरवेळी त्या पाच डब्यांवर थांबते, कारण आजच्या आपल्या बांधकामात लोखंड जे काम करते, ते काम त्या माणसांनी निव्वळ भारावर आणि आकारावर सोपवले होते. जुलै १९०४ मध्ये तीन मैलांहून अधिक लांबीची ती भिंत पुरी झाली.

परंतु अहवालाचे खरे शहाणपण मला भिंतीपेक्षा तिच्या मागच्या तजविजीत दिसते. त्या तिघांनी हे गृहीतच धरले होते की, मोठ्या वादळात पाणी भिंतीवरून येणार. पंधरा-सोळा फुटांच्या फुगाऱ्यावर उठणाऱ्या लाटेला सतरा फुटांची कोणतीही भिंत, तिचा वक्र कितीही रेखीव असो, पुरती अडवू शकत नाही. पाण्याची पातळी माथ्याजवळ आली की वक्र पाण्याखाली जातो आणि पाण्याखाली गेलेला वक्र लाटेला वळवीत नाही. शिवाय आकाशात उडालेले पाणी समुद्रावरून येणारे वादळ उचलून शहरातच टाकते. मग अशा पाण्याचे काय करायचे? त्यांनी सांगितले, शहरच उचला. भिंतीच्या माथ्यापासून मागे खाडीपर्यंत जमीन दर १,५०० फुटांस एक फूट अशी उतरती करा, म्हणजे वरून आलेले पाणी भिंतीमागे तळे करून न साचता खाडीत निघून जाईल. आणि भिंतीच्या पाठीला भक्कम भरावाची टेक मिळाल्याने ती मागे ढकलली जाणार नाही. भिंत आणि जमीन ही त्यांच्या दृष्टीने एकच वास्तू होती.

एक वसलेले शहर असे उचलणे म्हणजे काय, हे १९०३ पासून सुमारे सात-आठ वर्षे गॅल्व्हस्टनकरांनी भोगले. वस्तीच्या मधून २० फूट खोल आणि २०० फूट रुंद कालवा खणला, त्यातून गाळ उपसणारी जहाजे थेट मोहल्ल्यांत आणली, आणि नळांतून वाळूमिश्रित पाणी घरांच्या खाली सोडले. पाणी निथळून जाई, वाळू राही. त्याआधी दोन हजारांहून अधिक इमारती जॅकांवर चढवून उचलल्या होत्या. सेंट पॅट्रिकचे ३,००० टनांचे प्रार्थनामंदिर शेकडो जॅकांचे मळसूत्र एका वेळी थोडे थोडे फिरवून पाच फूट वर नेले, आणि उपासना एक दिवसही बंद पडली नाही. तोपर्यंत लोक रस्त्यांऐवजी जमिनीपासून आठ-दहा फूट उंचीच्या लाकडी माच्यांवरून ये-जा करीत. दुर्गंधीयुक्त गाळाने बागा आणि जुनी झाडे मेली. ज्यांना घर उचलण्याचा खर्च झेपला नाही त्यांचा तळमजला वाळूत गाडला गेला. हा खर्च सरकारने नव्हे, घरमालकांनी सोसला. वीरश्रीचा इतिहास लिहिताना अशा माच्यांवरून भाजीची टोपली घेऊन वर्षानुवर्षे चालणाऱ्या बायकांना आपण जागा देत नाही, याची मला खंत वाटते.

कसोटी १९१५ च्या ऑगस्टमध्ये आली. १६ तारखेच्या रात्री शिरलेले वादळ जोराने १९०० च्या वादळाच्या तोडीचे होते. पाण्याने पायथ्याचे धोंडे उचकटून भिंतीवरून रस्त्यावर फेकले. माथ्यावरून आलेल्या पाण्याने भिंतीमागच्या भरावात खोल चर पाडले, कारण कोसळणारे पाणी जेथे पडते तेथे ते फरसबंदीखालची वाळू उपसते. तीन वर्षांपूर्वी बांधलेल्या खाडीवरील मार्गाचे मातीचे भराव वाहून गेले आणि शहर मुख्य भूमीपासून तुटले. भिंतीच्या आश्रयाबाहेर, बेटाच्या पश्चिमेस, बहुतेक घरे नाहीशी झाली. एकंदर टापूत पावणेतीनशे माणसे दगावली, परंतु भिंतीआड असलेल्या शहरातला बळींचा आकडा डझनाच्या आसपास राहिला. वक्र काँक्रीट जागचे हलले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी मुले-माणसे गमावलेल्या घरांतील लोक त्या रात्री दिवे लावून जागे बसले असतील, आणि पहाटे दार उघडल्यावर त्यांना रस्त्यात पाणी दिसले असेल, पण रस्ता त्याच्या जागी असेल. तेवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

तरी समुद्राशी केलेल्या हिशेबात एक रक्कम मांडायची राहिली होती. भिंत लाटेला वळवते, संपवीत नाही. १९०० च्या रात्री मोडक्या घरांच्या ढिगाने लाटेचे बळ स्वतःच्या फटींत जिरवले होते. १९५० मध्ये फ्रान्समधील ग्रनोबलच्या प्रयोगशाळेत जन्मलेले चार पायांचे टेट्रापॉड आजही मरीन ड्राइव्हच्या कठड्यापुढे तेच काम करतात. गुळगुळीत वक्र भिंतीला फटी नाहीत. तिने वर उडवलेले पाणी पायथ्याशी कोसळते, परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते, आणि या दुहेरी घुसळणीत तळाची वाळू उठून प्रवाहाबरोबर निघून जाते. वाळूच्या टेकड्या असताना वादळ त्या खाऊन पुळण भरून काढीत असे. आता भिंतीच्या मागे कोंडलेली वाळू पुळणीला मिळेना. भिंत बांधली तेव्हा तिच्यापुढे सुमारे ३०० फूट रुंद पुळण होती. काही दशकांत ती झिजत झिजत अशी नाहीशी झाली की ठिकठिकाणी समुद्र नेहमीच्याच भरतीला धोंड्यांना लागू लागला. वाळू अडवावी म्हणून १९३० नंतरच्या दशकात भिंतीपासून समुद्रात आडवे दगडी बांध काढले. त्यांनी आहे ती वाळू थोडीफार धरली, गेलेली आणली नाही. आपल्या कोकणात गावोगाव धूप प्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते तेव्हा बंधाऱ्यापुढच्या पुळणीचे आणि त्याच्या टोकापलीकडच्या शेजारगावाचे काय होईल हे विचारणारा माणूस सभेत एकटा पडतो. त्याने गॅल्व्हस्टनचे नाव घ्यावे.

भिंत पुढे लष्कराने वाढवली, मग परगण्याने वाढवली, आणि १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ती दहा मैलांची झाली. तिचा छेद मात्र बहुतांशी तोच राहिला. दरम्यान तिची उंची, न मोडता, न झिजता, कमी होत आली. बेटाची जमीन खचते आहे आणि समुद्र वर येतो आहे. बंदरातील भरतीमापक दरवर्षी साडेसहा मिलिमीटरच्या सुमारास वाढ दाखवतो, आणि शंभर वर्षांत हे अंतर दोन फुटांच्या पलीकडे जाते. रॉबर्ट यांच्या सतरा फुटांतले ते दोन फूट होते. २००८ च्या सप्टेंबरात आयक नावाचे वादळ आले तेव्हा भिंतीने आपले तोंड राखले. पाणी शहरात शिरले ते मागून, खाडीकडून, जिकडे एका शतकापूर्वी शहराला मुद्दाम उतार दिला होता आणि जिकडे भिंत नव्हती.

१९९५ मध्ये शहराने समुद्रातून वाळू उपसून भिंतीच्या पुढ्यात टाकली, आणि तेव्हापासून ती पुनःपुन्हा टाकावी लागते. गाळ उपसणारे जहाज आखातात उभे असते, नळाच्या तोंडातून करड्या रंगाचा लगदा धबधब्यासारखा पडत असतो, आणि यंत्रे तो काँक्रीटच्या वक्राला लागून पसरत असतात, तोपर्यंत की त्या वक्राचा खालचा भाग वाळूखाली झाकून जातो आणि वरून पाहणाऱ्याला केवळ एक ठेंगणी, सरळ भिंत दिसते. टेकड्या खणून नेणाऱ्या पिढीने ज्या जागेवरून वाळू नेली होती, ती हीच जागा आहे.